गोड्या पाण्यातला बॅस: सामानाच्या यादीतून राहिलेली पकड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोड्या पाण्यातला बॅस मासा गळाने धरण्याच्या छंदावर आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानावर दोन पानी लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला आहे, छायाचित्रं सुरेख आहेत. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, कारण पहिल्या वाचनात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं होतं आणि ते खरंच राहिलंय का हे बघायचं होतं. सात काठ्या, पाच रिळं आणि कृत्रिम आमिषांनी भरलेला अख्खा डबा एवढं सगळं त्यात आहे. पण माशाच्या तोंडातून गळ काढायचा कशाने, याबद्दल एक ओळही नाही. वर एका चौकटीत म्हटलंय की जितका दोरा बारीक आणि काठी हलकी, तितका खेळ खिलाडूवृत्तीचा. या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी तीस वर्षं फिटरचं काम केलं. गेली एकोणीस वर्षं सुट्टीचा दिवस बॅसच्या मागे जातो. यातल्या दुसऱ्या वर्षीची एक संध्याकाळ सांगतो.

वारा पूर्ण पडला होता. काठालगत पाणवनस्पतींचा दाट पट्टा होता आणि त्याच्या कडेला मी रबरी गांडूळ टाकलं होतं. काठी वेतासारखी लवचिक, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, चार पौंडी, चार पौंडांच्या ताणापर्यंत टिकणारा. बारीक दोऱ्यावर मोठा मासा खेळवण्यातच मजा आहे, असं मलाही कोणीतरी सांगितलं होतं. दोरा जिथे पाण्यात शिरत होता ती जागा वीतभर बाजूला सरकली. मी लगेच झटका द्यायला हवा होता. बॅस तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. खोटं आहे असं वाटलं तर क्षणात थुंकून टाकतो, नाही वाटलं तर गिळतो. मी थांबलो, फार थांबलो. मग दहा-बारा मिनिटं ओढाताण चालली. मासा वनस्पतींत शिरायचा, मी बाहेर काढायचो, तो पुन्हा शिरायचा. काठी अर्धगोल वाकत होती, पण त्याचं डोकं वळवण्याइतका जोर तिच्यात नव्हता. शेवटी तो कुशीवर पडूनच काठाला आला.

तोंड उघडून बघितलं तर गळाचं नेढंसुद्धा दिसेना, दोरा थेट घशात गेलेला. पिशवीत आमिषांचे तीन डबे होते आणि पकड एकही नव्हती. मी बोट घालून पाहिलं, मग दोरा धरून ओढला. कल्ल्यांतून रक्त आलं. ते लालभडक असतं आणि पाण्यात धुरासारखं पसरतं. सोडल्यावर मासा डोकं खाली करून बुडत गेला, आणि बराच खोल जाईपर्यंत त्याचं पांढरं पोट मला दिसत राहिलं. गळ इतका आत गेला असेल तर न ओढता दोरा तोंडाजवळ कापून मासा सोडावा, तो वाचण्याची शक्यता त्यात जास्त असते, हे मला त्यानंतर कळलं.

तेव्हापासून मी सामानाची यादी शेवटाकडून सुरू करतो. मासा पाण्यात परत जाताना कसा असायला हवा ते आधी. त्याला काठाला आणायला किती वेळ लागणार ते त्यानंतर. काठी कोणती, हा प्रश्न त्याच्याही पुढचा.

म्हणून पहिली खरेदी लांब चोचीची पकड. गंजणार नाही अशी, दोरीने कमरेला बांधता येईल अशी, आणि बुडाशी दोरा कापायची धार असलेली. दुसरी वस्तू रबरी जाळीची हातजाळी. गाठी मारलेल्या नायलॉनच्या जाळीत माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, पर फाटतात. तो थरच माशाला रोगजंतूंपासून राखतो. कोरड्या हातांनी मासा धरू नये असं सांगतात तेही याचसाठी. रबरी जाळीत तिहेरी गळही फारसे अडकत नाहीत, त्यामुळे मासा पाण्याबाहेर राहण्याचा वेळ वाचतो. बॅसचे दात कानशीसारखे बारीक असतात, खालच्या ओठात अंगठा घालून तो सहज धरता येतो. पण मासा जड असेल तर नुसत्या जबड्यावर तिरका लोंबकळत ठेवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

आता गळ. नवीन पाकिटातला गळ धारदारच असतो असं समजायचं कारण नाही. टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून अलगद ओढावं. रुतलं, बारीक ओरखडा उठला, तर धार आहे. घसरलं तर कानस मारा किंवा टाकून द्या. दगडावर घासला गेलेला गळ मी दर वेळी असा तपासतो. आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा, जो गळ निसटू देत नाही, तो पकडीने दाबून सपाट करतो. दाबताना अगदी हलका 'कट्' असा आवाज येतो. त्यानंतर गळाच्या बाकावरून बोट फिरवलं तर जिथे काटा होता तिथे नुसता उंचवटा लागतो. मासे सुटतील या भीतीने मी हे कितीतरी वर्षं टाळलं. दोरा ताणलेला ठेवला तर फारसे सुटत नाहीत, आणि काढताना गळ मनगटाच्या एका वळणाने बाहेर येतो. गळ आपल्याच बोटात शिरला तर याची खरी किंमत कळते. तिहेरी गळ लावलेल्या आमिषांवर मी शक्य तिथे एकेरी गळ लावतो.

दोऱ्याबद्दल लेखात एक परिच्छेद आहे आणि त्यात नायलॉन 'जुनाट' म्हटलंय. हे मला पटत नाही. तीन प्रकारचे दोरे आहेत आणि तिघांचे गुण वेगळे. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची सुमारे १.१४, म्हणजे तो पाण्यात अगदी सावकाश बुडतो. ताणतो, गाठ चांगली धरतो, पण पाणी पितो आणि उन्हाने कमकुवत होतो, म्हणून दर हंगामाला बदलावा लागतो. फ्लुरोकार्बनची घनता सुमारे १.७८. तो झपाट्याने बुडतो, दगडावर घासला तरी चिवट राहतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आणि पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणून फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा कमी दिसतो. जाहिराती म्हणतात तसा अदृश्य मात्र होत नाही. तिसरा पॉलिथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा. त्याची घनता पाण्याहून कमी, ०.९७ च्या आसपास, त्यामुळे तो तरंगतो. तो जवळपास ताणतच नाही, आणि तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा खूप बारीक असतो.

हे आकडे मी शोभेसाठी देत नाही. पाण्यावर तरंगत चालणारं आमिष फ्लुरोकार्बनला बांधा आणि बघा: बुडणारा दोरा त्याचं नाक खाली ओढतो, चाल बिघडते, आणि माणूस आमिषाला दोष देतो. दाट वनस्पतींत विणलेला दोरा हवा, कारण तो देठांना कापत येतो. पण तोच दोरा कडक काठीवर घेऊन तिहेरी गळाचं आमिष ओढलं, तर माशाच्या हिसक्याला कुठेच मऊपणा मिळत नाही. गळाने पडलेलं भोक मोठं होतं, मासा सुटतो आणि जखम घेऊन जातो. तिथे थोडी संथ वाकणारी काठी आणि नायलॉनच बरा.

आणखी एक. विणलेला दोरा थेट गुळगुळीत रिळावर गुंडाळावा, असं लेखातल्या चित्राखाली छापलंय. तो तसा गुंडाळला तर जोर आल्यावर अख्खी गुंडाळी रिळावर गोल फिरते आणि ड्रॅग, म्हणजे ठरावीक जोराला दोरा सुटू देणारा रिळाचा ब्रेक, बिघडलाय असं वाटत राहतं. आधी नायलॉनचे काही वेढे द्यावेत आणि त्यावर हा दोरा बांधावा. हा दोरा निसरडा, म्हणून गाठही पालोमर. दोरा दुहेरी करून तो फासा नेढ्यातून काढायचा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारायची, फाशातून अख्खा गळ ओवून घ्यायचा आणि मग आवळायचं. आवळण्याआधी गाठ ओली करायची. कोरडी गाठ आवळताना दोरा दोऱ्यावर घासून तापतो. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन त्या उष्णतेने तिथेच अशक्त होतात. फिटरच्या कामात साखळी तुटली की आम्ही आधी जोड बघायचो. इथेही दोरा तुटला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा गाठ गेलेली असते. सुटून आलेलं टोक बोटांत धरून बघा. टोकाला कुरळी शेपटी असेल तर गाठ निसटली, सरळ तुटलेलं असेल तर दोरा गेला.

माझी भाची तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्याबरोबर गरवायला आली. तिच्यासाठी काठी निवडताना तिने मुठीच्या वरचं बारीक लिखाण वाचलं आणि विचारलं, "मामा, हे आठ ते चौदा काय आहे?" दोऱ्याची ताकद, पौंडांत. "आणि पाव ते पाच अष्टमांश?" आमिषाचं वजन, औंसांत, म्हणजे साधारण ७ ते १८ ग्रॅम. तिने डब्यातलं सगळ्यात गोंडस, इवलंसं आमिष उचलून विचारलं, मग हे चालेल का? मी म्हटलं, फेकून बघ. ते चार पावलांवर पडलं. मग १० ग्रॅमचं लावलं. फेकीच्या मागच्या झोक्यात काठी त्या वजनाने वाकली, सुटली, आणि आमिष पाण्यावर लांब जाऊन पडलं. काठी हातात वाकलेली तिला जाणवली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या लिखाणाबद्दल आपल्या लेखात अवाक्षर नाही, आणि काठी निवडण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

पॉवर आणि अ‍ॅक्शन हे दोन शब्द लेखात एकाच अर्थाने आले आहेत. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे ती कुठून वाकते: फास्ट असेल तर शेंड्याजवळ, मॉडरेट असेल तर मधल्या भागापर्यंत. भाचीला मी साडेसहा फुटी, मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शनची काठी दिली. तिच्यावर २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ, ज्याची गुंडाळी फेकताना फिरत नाही, आणि १० पौंडी नायलॉन. उघड्या पाण्यात सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन. बेटकास्टिंग रीळ, ज्याची गुंडाळी फेकताना स्वतः फिरते, जड आमिषाला आणि दाट झुडपांना उत्तम, पण अंगठ्याने गुंडाळी आवरायची सवय होईपर्यंत त्याचा गुंता होत राहतो आणि शिकण्याचे तास गुंता सोडवण्यात जातात. वनस्पतींच्या पट्ट्यात उतरायचं असेल तर सात फुटी, मीडियम हेवी काठी आणि जाड दोरा घ्या. ते खिलाडूवृत्तीला सोडून नाही. लांबलेल्या झुंजीत माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. असा मासा पोहत गेलेला दिसला तरी पुढे तगेलच असं नाही. दोन मिनिटांत काठाला आलेला मासा हातातून सुटताना शेपटीने पाणी उडवून जातो. मला तो बघायचा असतो.

जुनी काठी घेत असाल तर दोरा ओवायच्या प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे चीर आहे. डोळ्यांना ती दिसत नाही, पण प्रत्येक फेकीला दोरा तिच्यावर कापला जातो. माझे दोन मोठे मासे अशाच एका कडीने घालवले, आणि दोन्ही वेळा मी दोऱ्याला दोष दिला होता.

रिळाच्या ड्रॅगबद्दल थोडक्यात सांगतो. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोराला तो सुटू लागला पाहिजे. १२ पौंडी दोऱ्याला तीन ते चार पौंड. ताणकाटा दोऱ्याला बांधून, काठी हातात घेऊन, घरीच लावता येतो. बोटाने ओढून अंदाज घेतला तर तो चुकतो, माझाही चुकतो.

आमिषांवर आपण अख्खं पान दिलंत, तेवढं मी देणार नाही. एक रबरी गांडूळ, एक झालरीचं जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, एक फिरत्या पात्याचं आमिष, एक पाण्यावर चालणारं. पाणी गढूळ असेल तर पात्याचं, कारण बॅस नजरेबरोबरच अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याची थरथर ओळखतो. वनस्पती असतील तर टेक्सस रिगमधलं गांडूळ, ज्यात गळाचं टोक रबरातच लपवलेलं असतं. बाकीचे रंग बहुतेक आपल्या हौसेचे. ते जरूर जमवावेत, मीही जमवले आहेत. पण बॅसचा विश्वविक्रम ज्याच्या नावावर आहे त्या जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा मासा धरला, तेव्हा तो आणि त्याचा सोबती मिळून एकच काठी नि एकच रीळ वापरत होते, असं सांगतात. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने धरलेला मासा पेरीच्या माशापेक्षा औंसभराने जड भरला. तरी नियमाप्रमाणे किमान दोन औंसांचा फरक लागत असल्याने विक्रम दोघांच्या नावावर राहिला.

बिवा सरोवराचं नाव आलंच आहे, तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बॅस मूळचा उत्तर अमेरिकेतला. जपानमध्ये तो १९२५ साली नेला गेला आणि तिथल्या स्थानिक माशांना भारी पडला. बिवा सरोवरात २००३ पासून पकडलेला बॅस परत पाण्यात सोडायला मनाई आहे. त्यामुळे सोडायचं म्हणून मी जे वर लिहिलं, ते जिथे तो मूळचा आहे किंवा जिथे सोडण्याचा नियम आहे तिथलं. जिथे ठेवायचा आहे तिथेही त्याला दोऱ्यावर तासभर तडफडत ठेवण्यापेक्षा लगेच डोक्यावर एक घाव घालून मारावा. आणि जिवंत बॅस एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कोणीही, कधीही नेऊ नये. यावर मी वाद घालायला तयार नाही.

वजनांच्या बाबतीत लेखात फक्त शिसं आहे. पाणपक्षी पोटात अन्न दळण्यासाठी खडे गिळतात तशी तळाशी पडलेली शिशाची वजनंही गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये हंस असे मरू लागल्यावर १९८७ मध्ये शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. टंगस्टन हा चांगला पर्याय आहे. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी बरीच लहान होते, वनस्पतींतून सहज खाली जाते, आणि कठीण असल्याने तळाशी दगड आहे की चिखल ते काठीच्या मुठीत स्पष्ट कळतं. मी आता शिसं घेत नाही. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे आणि फाटलेली रबरी गांडुळं ठेवायला कमरेला एक झाकणाची डबी असते. दोरा वर्षानुवर्षं कुजत नाही. पायाला दोरा गुंडाळलेला बगळा मी एकदा पाहिला आहे, त्याला सोडवायला मला जवळही जाता आलं नाही.

स्वतःसाठी दोन वस्तू: ध्रुवीकरण करणारा चष्मा आणि होडीत असाल तर जीवरक्षक जाकीट, अंगात घातलेलं. चष्म्याने पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो, आणि अडकलेलं आमिष ताणून सोडवताना ते गोळीसारखं उलटं येतं तेव्हा डोळा वाचतो.

लेखाच्या शेवटी 'पुढील भागात: आमिषांची निवड' असं छापलं आहे. तो भाग अजून छपाईला गेला नसेल तर एक विनंती. आमिषांच्या एखाद्या फोटोची जागा कमी करून तिथे पकडीचा फोटो द्यावा, गळाचा उलटा काटा दाबून सपाट करतानाचा. फोटो मिळत नसेल तर मी काढून पाठवतो. गळ, पकड आणि माझ्या भाचीचा हात तिन्ही तयार आहेत. ती आता सोळा वर्षांची आहे आणि काटा दाबल्याशिवाय गळ दोऱ्याला बांधत नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर